दीड इंच माया

३ एप्रिल १९७१

लतिकाचं साक्षगंध काल झालं. घरभर अजून पेढ्यांच्या मुंग्या फिरतायत. ही डायरी गेल्या सालची, कोरीच राहिलेली, एका गिऱ्हाइकणीनं दिली. वार जुळत नाहीत, तारखा जुळतात. सातवीत असताना गुरुजी म्हणत, बोलायचं तसं बोला, लिहायचं मात्र पुस्तकासारखं. म्हणून लिहायला बसले की हात आपोआप शहाणा होतो. तोंड काही झालं नाही.

लतिका माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि मी सतराची, उमरेडहून नवऱ्यानं परत पाठवलेली. तेव्हापासून तांडापेठेतल्या या घरात मीच तिला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत घातलं, मॅट्रिक केलं, शिवणाचा डिप्लोमा दिला. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. त्यांच्या हातमागाचा खड्डा बुजवला आणि त्यावर मशीन ठेवलं. त्याच मशीनवर दोघी जगलो. आता सोळा मेला लग्न आणि मग ती भिलाईला. नवरदेव मुकुंद तिथं कारखान्यात आहे, घरचे प्रताप नगरात राहतात. माणसं चांगली आहेत. हुंडा नाही, भांडी नाहीत, मानपानाची कटकट नाही. एखादी खोड तरी काढता यावी, तर तीही नाही.

एकच मागितलं त्यांनी. मुकुंदची आत्या प्रयागबाई, जिनं त्याला आईमागे वाढवलं, तिनं माझ्या हातात एक घडी ठेवली. डाळिंबी रंगाचं सुती कापड, वारभर. म्हणाली, "माह्या वहिनीच्या हातचं शेवटचं हाये हे. मागावरून उतरवलं अन् आठ दिसांत गेली. पोरीनं लग्नात ह्याचाच ब्लाउज घालावा, एवढंच माहं म्हणणं. तुम्हीच शिवा. पण जसं हाये तसं तिच्या आंगावर चढलं पायजे."

जसं आहे तसं, म्हणजे कापताना नासधूस नको, असं मी समजले. शिवणारीला दुसरं काय सांगणार कोणी?

५ एप्रिल

जयवंताबाईच्या पोरीचं लग्नाचं पोलकं आज देऊन टाकलं. लग्नाचं कापड कोरंच शिवतात, त्याला पाणी लागू देत नाहीत, म्हणून आत सगळीकडून दीड इंच माया सोडली. चौकातल्या टेलराला माया म्हणजे काय ते विचारा, तोंडाकडे पाहत राहील. अरे बाबा, शिवणीच्या आत कापड जास्तीचं ठेवायचं, म्हणजे धुण्यात आटलं तर उसवून सैल करता येतं. पण त्याला उरलेल्या चिंध्यांच्या पिशव्या शिवून विकायच्या असतात ना!

लग्नाचं सोडून बाकीचं एकएक सुती कापड माझ्याकडे आधी बादलीत जातं, मगच कात्रीखाली येतं. बाया कुरकुरतात, "रुखमाबाई, दोन दिवस लावता तुम्ही." लागू द्या. माझ्या लग्नातला ब्लाउज कोरा शिवलेला होता आणि माया अर्ध्या इंचाचीसुद्धा नव्हती. पहिल्याच धुण्यात असा आटला की सासू म्हणाली, सून महिन्याभरात फुगली. अकरा महिन्यांत मी परत आले. ब्लाउजमुळे नाही आले, पण आठवतं तेच.

आत्याबाईचं कापड मापलं. पन्हा लहान आहे, पण दीड इंच माया धरून लतिकाचा ब्लाउज बरोबर बसतो. वर बोटभर कापड उरतं.

८ एप्रिल

लतिकाचं माप घेतलं. पोरगी हसत होती नुसती. छाती मोजताना हसली, बाही मोजताना हसली. "आक्का, भिलाईले दोन खोल्यांचं क्वार्टर हाये. नळ घरातच. तू येत जाय ना. पंधरा पंधरा दिवस राहत जाय."

"मी काहून येऊ? बहिणीच्या सासरी भाकरी मोडाले?"

तिचं हसणं थांबलं. माप दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा घेतलं. माझं माप कधी चुकत नाही.

शेजारची सखूबाई दारात उभी राहून पाहत होती. लतिका आत गेल्यावर म्हणाली, "आता तुमचं कसं होईन वं बाई?" मी म्हटलं, तुमचं जसं होते तसंच होईन. गेली मग तोंड वाकडं करून.

खोटं कशाला लिहू? धडकी भरते. सकाळी तिची वेणी घालताना हात थांबतो. वीस वर्षं माझ्या ताटासमोर दुसरं ताट आहे. एकट्या माणसानं भाजी तरी केवढी करायची, हेसुद्धा मला माहीत नाही. आनंदाच्या घरात असं लिहू नये. पण ही डायरी कोण वाचतंय!

१४ एप्रिल

लतिका पत्रिका द्यायला कुहीला आमच्या आत्याकडे गेली. उद्या येईल. नळ सकाळी तासभर आला. दोन बादल्या भरल्या, एकीत मूठभर मीठ टाकलं आणि ते डाळिंबी कापड भिजवलं.

का भिजवलं ते लिहून ठेवते, म्हणजे कोणी विचारलं तर सांगता येईल. हातमागाचं कापड, अंगात खळ भरलेली, ते आटणार म्हणजे आटणारच. त्यात लग्न मे महिन्यातलं. नागपूरचं ऊन काय असतं ते प्रताप नगरवाल्यांना सांगायला नको. घामानं रंग सुटला आणि पिवळ्या लुगड्यावर उतरला तर जन्माची शोभा. आणि मी कोणाचंही कापड भिजवल्याशिवाय शिवत नाही. सगळ्या पेठेला माहीत आहे.

खळ निघाली तसं पाणी पेजेसारखं झालं. रंग थोडा गेला. एका टोकाला पाच पिवळे डाग होते, जवळजवळ. त्यांना साबण लावला तर ते लालभडक झाले. मग आणखी चोळले, तेव्हा गेले.

सावलीत वाळवलं. दुपारी मापलं तर लांबीत पाच इंच कमी, पन्ह्यात तीन. आता माया राहिली बाजूला, बाहीसुद्धा बसत नाही. एवढं आटेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी आडवी झाले आणि चांगली दोन तास झोप लागली. साक्षगंधापासून अशी झोप आली नव्हती.

१५ एप्रिल

लतिका आली. दोरीकडे पाहिलं आणि चपलासुद्धा न काढता तशीच उभी राहिली.

"आक्का, हे काहून भिजवलं वं?"

"आटलं असतं."

"मंग माया सोडायची. जयवंतामावशीच्या पोरीच्या पोलक्यात सोडली तशी."

"ते मिलचं कापड होतं. हे हातमागाचं."

"ते बी हातमागाचंच होतं, आक्का. मीच तर आणलं होतं तिच्या घरून."

मी म्हटलं, तुला डिप्लोमा मी दिला, तू मला शिकवू नको. तिनं कापड दोरीवरून काढलं, गालाला लावून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मऊ झालं." मग म्हणाली, "आत्याबाई पाहाले येतीन. तवा कोरं दिसन असं काहीतरी कर." एवढं बोलून आत गेली आणि पाट्यावर चटणी वाटत बसली. चटणी कशाची, तर नुसत्या मिरच्यांची. मीठ टाकायचं विसरली.

१७ एप्रिल

तांदळाची पेज गाळून कापडाला खळ दिली. ओलसर असतानाच इस्त्री केली, घडी जुन्याच मोडींवर घातली. कडक, चकचकीत. कोरं म्हणून कोणाच्याही हाती द्यावं. बाहीला काखेत जोड द्यावा लागेल, पण काखेत कोण पाहतं?

लतिका म्हणाली, "तुले आवडत नाही ना असं करणं?" मी म्हटलं, आवडीचा प्रश्न नाही, अडलंय म्हणून करते. खरं म्हणजे लाजच वाटत होती. गिऱ्हाइकाला फसवलं असं एकदाही झालं नाही माझ्याकडून आजवर.

२० एप्रिल

प्रयागबाई आल्या. कापलं का ते पाहायला. बराच वेळ चांगल्या बोलल्या. उन्हाचं बोलल्या, मुकुंदला सुट्टी दहा दिवसांचीच मिळाली त्याचं बोलल्या. मी घडी समोर ठेवली.

त्यांनी कापड चिमटीत धरून चोळलं. मग नाकाशी नेलं. "ही तं तांदळाची खळ हाये," म्हणाल्या. "वहिनी चिंचोक्याची द्यायची."

लतिका दाराला टेकून उभी होती. बाईंनी घडी उलगडली, एक टोक पाहिलं, दुसरं पाहिलं, पुन्हा पहिलं पाहिलं.

"बोटं कुठी हायेत?"

"कशाची बोटं?"

"वहिनीची. कापड उतरवलं त्या दिशी हळद कालवून पाची बोटं टेकवली होती तिनं टोकाले. बसता येत नव्हतं तिले, मीच मागून धरून बसली होती."

मी म्हटलं, मला ते डाग वाटले.

"तुम्ही मागावाल्याच्या घरच्या ना वं बाई?"

मी सांगितलं की आमच्याकडे उतरवलेल्या कापडाला कुंकवाचं बोट लावत, हळदीचं नाही. खरंच आहे ते. बाबा कुंकूच लावत. हळद लावत, पण ती कुंकू संपलेलं असलं तरच.

बाई ओरडल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मीही चार सुनावल्या असत्या. त्या कापड मांडीवर घेऊन रडायलाच लागल्या. "पोराजवळ आईचा फोटो नाही," म्हणाल्या. "दीड वर्साचा होता. लहानपणी त्या बोटांवर आपली बोटं ठेवून पाहे. एवढंच होतं त्याच्याजवळ." मग नाक पुसलं, कापडाची घडी घातली, पिशवीत टाकली आणि गेल्या. चहा तसाच राहिला.

लतिका पाठोपाठ कोपऱ्यापर्यंत गेली. परत आली तेव्हा एकटीच होती. आणखी काय होणार होतं?

२३ एप्रिल

मुकुंदचे वडील गोपाळराव आले. पोस्टातून रिटायर झालेला माणूस, हळू बोलणारा. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, कापडाचं मले काही नाही. पण प्रयाग तीन दिसांपासून जेवून नाही राहिली. मले एवढंच सांगा, पोरीच्या मनात नाही का हे लग्न? नसंन तं आत्ताच सांगा. कोणी रागावणार नाही."

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आतून लतिकाचा आवाज आला. "माह्या मनात हाये." तेवढंच, पण मोठ्यानं. मुलीच्या जातीनं असं होणाऱ्या सासऱ्यासमोर बोलावं? मी शरमेनं लाल झाले. गोपाळराव मात्र हसले.

"मंग काही बिघडलं नाही. बाई, एक डाव घरी या अन् प्रयागले म्हणा, चुकलं. बस. ब्लाउज कशाचाही शिवा. मुकुंदले मी लिहितो."

जाताना लतिकाच्या डोक्यावर हात ठेवला. चुकलं म्हणा! काय चुकलं? भिजवणं चुकलं? उद्या कोणी म्हणेल, टाके घालणं चुकलं.

२७ एप्रिल

चार दिवस झाले, गेले नाही. ऊन किती आहे! दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, मी प्रताप नगरला कशी जाऊ? सकाळी जायचं तर गिऱ्हाईक असतं. लग्नसराई आहे.

आज लतिका माझ्यासमोर बसली आणि मशीनच्या चाकावर हात ठेवला. "आक्का, एक शब्द हाये. तीन अक्षरं. तुह्या पाया पडते."

"मी चुकली असती तं म्हटलं असतं."

"तुले मी जायलेच नको हाये."

मी तिला थापड मारली. वीस वर्षांत पहिली. माझाच हात झिणझिणत राहिला. ती रडली नाही, गाल धरून माझ्याकडे पाहत राहिली. तिच्यासाठी मी पाट लावून दुसरा नवरा केला नाही, कोणाच्या दारात गेले नाही, नव्या लुगड्याला हात लावला नाही, आणि ही मला असं म्हणते! देवा, मला उचल आता. जातेच दोन-तीन दिवसांत. तिच्यासाठी जाते.

३० एप्रिल

जाऊन आले. मिटलं एकदाचं.

काल तयारी केली होती. हातमागाच्या एकाच तुकड्यातून दोन सारख्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकी बारा इंच. एक भिजवून वाळवली, एक तशीच ठेवली. दोन्ही रुमालात बांधून नेल्या. बसमधून उतरून बरंच चालावं लागतं, तिकडे सगळे नवे प्लॉट, झाड म्हणून नाही. प्रयागबाईंनीच दार उघडलं, पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. भिंतीशी त्यांची ट्रंक होती, तिच्यावर ते डाळिंबी कापड घडी करून ठेवलेलं. मी तिकडे पाहिलं नाही.

मी पट्ट्या काढल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. कोरी बारा इंच, भिजवलेली सव्वा अकरा. सगळं नीट समजावून सांगितलं. सुताला पाणी कसं लागतं, खळ का काढावी लागते, अस्तर तेवढं आटलं आणि वरचं नाही आटलं तर ब्लाउज कसा चुरगळतो. माझ्या लग्नाचंही सांगितलं. बोलताना आवाज चढला नाही माझा. गोपाळराव मध्येच म्हणाले, "बाई, ते राहू द्या ना, तुम्ही नुसतं..." पण मी म्हटलं, अर्धवट सांगितलं तर गैरसमज राहतो.

प्रयागबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या, पाहिल्या, परत दिल्या. म्हणाल्या, "तुमचं बरोबर हाये, बाई."

त्या बाईला एवढा समजूतदारपणा आहे असं वाटलं नव्हतं. घरी येऊन लतिकाला सांगितलं, त्या स्वतःच्या तोंडानं बरोबर म्हणाल्या. लतिकानं विचारलं, "तू चुकलं म्हटलं का?" मी म्हटलं, गरजच पडली नाही. तिनं भिंतीला पाठ टेकली आणि हळूहळू खाली बसली.

५ मे

गोपाळरावांनी माणसाबरोबर चिठ्ठी पाठवली. चार ओळी. मुकुंदला पुढच्या सालापर्यंत रजा मिळत नाही, तुम्ही वाट पाहू नये, पोर गुणी आहे, तिला चांगलं स्थळ मिळेल. सोबत उरलेल्या पत्रिका परत आल्या, पंधरावीस असतील. साक्षगंधाचं लुगडं ठेवून घ्या असं लिहिलंय.

मी चिठ्ठी तीनदा वाचली. बरोबर आहे म्हणाल्या होत्या की! मग आता काय झालं? म्हणजे यांच्या मनात आधीपासूनच असणार, कापड निमित्त. दुसरं काहीतरी मोठं स्थळ आलं असणार. लतिकाला तसं म्हणालेही. तिनं पत्रिका चुलीत एकएक करून घातल्या आणि त्यावर माझ्या अंघोळीचं पाणी तापवलं.

१६ मे

आज.

सकाळपासून ती मशीनवर बसली आहे. कोणाचे तरी सात परकर होते, सातही शिवून झाले. मी श्रीखंड आणलं होतं, निदान काहीतरी गोड म्हणून. का आणलं, माझं डोकं फिरलंय. वाटी तशीच आहे. माझ्याशी बोलते, नाही असं नाही. कात्री दे म्हणते, नळ आला म्हणते. पण वेणी आता स्वतःची स्वतः घालते.

मला वाटत होतं, ती घरात असली की घर भरलेलं असेल. ती समोरच आहे आणि मला गुदमरल्यासारखं होतं. सखूबाईकडे जाऊन बसावंसं वाटलं. तिनं दार लावून घेतलं होतं, ऊन लागतं म्हणून.

२९ मे

लतिकानं कुठं अर्ज केला होता, मला ठाऊक नाही. मौद्याला बायांचा शिवणवर्ग निघतोय, तिथं शिकवायला घेतलं तिला. राहायची खोलीही देतात. मी म्हटलं, रोज बसनं जाऊन येता येतं की. "जाता येते," म्हणाली, "पण मी जाऊन येणार नाही."

मी विचारलं, माझ्यावर एवढा राग? तर म्हणाली, "राग नाही वं आक्का. राग असता तं भांडली असती." मग मीच भांडले. वाट्टेल ते बोलले. आईच्या जागी होते म्हणून काय काय केलं ते सगळं काढलं. ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, जेवायला वाढू का?

कापड भिजवूनच शिवावं, हे मी मरेपर्यंत म्हणेन. त्यात खोटं काही नाही. मग एवढं सगळं उलटं कसं झालं, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

११ जून

आज ती गेली. ट्रंक तिनंच भरली. मी चार ब्लाउज शिवून ठेवले होते, ते घेतले. एकही उलगडून पाहिला नाही, घालून पाहिला नाही, घेतले फक्त. देवाला नमस्कार केला, बाबांच्या फोटोला केला, मग माझ्या पाया पडली. कधी पडत नव्हती, दिवाळीलासुद्धा गळ्यातच पडायची.

रिक्षा दाराशी उभी होती. ती उंबऱ्याबाहेर झाली आणि म्हणाली, "जाते."

मी म्हटलं, "असं नाही म्हणू वं. येते म्हणावं."

तिनं ट्रंक रिक्षात ठेवली, पदर खोचला. मला वाटलं, ऐकलं नसेल. मी पुन्हा म्हटलं, "लते, येते म्हण."

तिनं माझ्याकडे पाहिलं, चांगलं प्रेमानं पाहिलं, आणि म्हणाली, "जाते, आक्का."